फ्रेंचचे बासष्ट गुण

वय ३३, अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी, भारतातल्या कंपन्यांत तीन वर्षांहून जास्त अनुभव, लग्न झालेले नाही, आयईएलटीएसमध्ये ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ बँड. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर, कुठल्याही शहरात सहज सापडावा असा हा उमेदवार आहे. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या पद्धतीत त्याचा हिशेब मांडला तर वयाचे ८८, पदवीचे १२०, इंग्रजीचे १२४ आणि शिक्षण-अनुभव-इंग्रजी यांच्या मेळाचे ७५, असे एकूण ४०७ गुण होतात. याच पद्धतीतून पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, अर्ज करण्याचे आमंत्रण मिळते. ही आमंत्रणे गुणांच्या क्रमाने वेळोवेळी होणाऱ्या फेऱ्यांत, म्हणजे ‘ड्रॉ’मध्ये, दिली जातात. कॅनडात आधीच नोकरी केलेल्यांसाठी २०२५ मध्ये जे ड्रॉ झाले, त्यांचा कटऑफ पाचशेच्या वर राहिला. सगळ्यांसाठी खुले असलेले सर्वसाधारण ड्रॉ २०२४ च्या एप्रिलनंतर दिसेनासे झाले. म्हणजे ४०७ गुणांच्या या माणसाने इंग्रजी आणखी सुधारले, तरी भारतात बसून त्याला फारशी आशा नाही. हाच उमेदवार फ्रेंचच्या चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरच्या सातव्या पातळीला पोचला की दुसऱ्या भाषेचे १२ आणि फ्रेंचसाठीचे खास ५० असे ६२ गुण वाढतात, बेरीज ४६९ होते. शिवाय फक्त फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी होणाऱ्या वेगळ्या ड्रॉमध्ये तो बसतो. २९ फेब्रुवारी २०२४ च्या अशा ड्रॉमध्ये कटऑफ ३३६ होता, २१ मार्च २०२५ ला साडेसात हजार जणांना आमंत्रणे गेली तेव्हा ३७९. महाराष्ट्रातल्या शहरांत नोकरी सांभाळून रात्री किंवा शनिवार-रविवारी तिशीतली माणसे फ्रेंच क्रियापदे पाठ करताना दिसतात, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

हा हिशेब बरोबर आहे आणि तो करण्यात गैर काहीच नाही. पण तो करताना आपल्याकडची एक जुनी सवय सोबत येते. मुंबई-पुण्यात अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदीऐवजी फ्रेंच घेतात, कारण फ्रेंच ‘स्कोअरिंग’ आहे. वर्ष संपते, नव्वदच्या वर गुण पडतात आणि पुढच्या जूनपर्यंत भाषा विसरली जाते. फ्रेंच म्हणजे गुण मिळवण्याचा विषय, हे समीकरण घेऊनच माणूस तिशीत पुन्हा त्या वर्गात जातो. माझे म्हणणे असे, की कॅनडाचे हे ६२ गुण या सवयीने मिळत नाहीत आणि मिळाले तरी पुढे टिकत नाहीत. एका अल्पसंख्य भाषिक समाजाला सरकारने कायद्याने दिलेल्या वचनाचा ते भाग आहेत. त्या समाजाचा विचार वगळून फक्त आकड्याचा पाठलाग करणाऱ्याचा व्यवहारही फसतो.

फ्रेंच म्हटले की आपल्याला क्वेबेक प्रांतातले माँट्रियल आठवते. पण एक्स्प्रेस एन्ट्रीतून जाणाऱ्याला आपण क्वेबेकबाहेर राहणार असे सांगावे लागते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९९१ च्या करारानुसार क्वेबेक आपले कुशल स्थलांतरित स्वतः निवडतो. त्याची पद्धत वेगळी, अटी वेगळ्या. मग केंद्र सरकार फ्रेंचला गुण देते ते कोणासाठी? ते आहेत क्वेबेकबाहेरच्या जेमतेम दहा लाख फ्रेंचभाषकांसाठी. ओंटारिओ, न्यू ब्रन्सविक, मॅनिटोबा आणि पश्चिमेकडच्या प्रांतांत ते विखुरलेले आहेत आणि त्यांचा इतिहास त्यांच्या संख्येपेक्षा फार मोठा आहे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांना १७५५ पासून ब्रिटिशांनी घरादारासकट हुसकावून लावले. परत आलेल्यांच्या वंशजांचा न्यू ब्रन्सविक हा आज देशातला घटनेनेच द्विभाषिक असलेला एकमेव प्रांत आहे. मॅनिटोबा १८७० मध्ये कॅनडात आला तो दोन भाषा घेऊन. तिथल्या फ्रेंचभाषक मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांचा पुढारी लुई रिएल १८८५ मध्ये फासावर गेला आणि १८९० मध्ये प्रांताने कायदा करून फ्रेंचचे अधिकृत स्थान काढून घेतले. तो कायदा घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला १९७९ साल उजाडले. ओंटारिओने १९१२ मध्ये ‘नियम १७’ आणून प्राथमिक शाळेत पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंचमधून शिकवण्यावर बंधन घातले. पंधरा वर्षे आयांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध लढा दिला. अगदी अलीकडे, १९९७ मध्ये, ओटावातले माँफोर हे फ्रेंच भाषेतून चालणारे रुग्णालय बंद करण्याची शिफारस झाली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले आणि न्यायालयात जाऊन त्यांनी ते वाचवले. या समाजाला लढणे नवे नाही. पण मुले इंग्रजीकडे वळतात, बाहेरून येणारे जवळजवळ सगळे इंग्रजी बोलणारे, त्याला मोर्चा काढून उत्तर देता येत नाही. १९७१ मध्ये क्वेबेकबाहेरच्या लोकसंख्येत फ्रेंचभाषक ६.१ टक्के होते, २०२१ च्या जनगणनेपर्यंत ते ३.३ टक्क्यांवर आले.

२० जून २०२३ रोजी कॅनडाच्या राजभाषा कायद्यातली मोठी सुधारणा मंजूर झाली. फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांचे लोकसंख्येतले प्रमाण १९७१ च्या पातळीवर परत नेण्याचे उद्दिष्ट त्यात लिहिले गेले आणि स्थलांतर खात्याच्या मंत्र्याने त्यासाठी उद्दिष्टे व मोजमाप असलेले धोरण करावे असे बंधन आले. पुढच्याच महिन्यात, ७ जुलैला, फ्रेंच जाणणाऱ्यांचा पहिला वेगळा ड्रॉ झाला: २,३०० आमंत्रणे, कटऑफ ४३९. दोन तारखांमध्ये अठरा दिवसही नाहीत. ज्यांना हे वेगळे ड्रॉ प्रशासनाने सहज दिलेली सवलत वाटते, त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. क्वेबेकबाहेर येणाऱ्या नव्या पीआरधारकांत फ्रेंचभाषकांचे प्रमाण ४.४ टक्के असावे, हे उद्दिष्ट कित्येक वर्षे गाठता आले नव्हते, ते २०२२ मध्ये गाठले गेले. त्यानंतर ते २०२४ साठी ६ टक्के आणि २०२५ साठी आधी ७, मग ८.५ टक्के झाले. सर्वांत बोलका भाग पुढे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये घरटंचाई आणि लोकांची नाराजी पाहून सरकारने २०२५ चे एकूण उद्दिष्ट पाच लाखांवरून ३,९५,००० पर्यंत खाली आणले, आणि त्याच घोषणेत फ्रेंचभाषकांचा वाटा वाढवला. एकूण दार अरुंद होत असताना त्यातला हा वाटा मोठा झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली भावना परकी वाटू नये. बाहेरून येणाऱ्याने इथली भाषा शिकावी, मुंबईत मराठीचा टक्का घसरतो आहे, शाळांतून मराठी टिकली पाहिजे, हे बोलणे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा आपण केला. न्यू ब्रन्सविकमधल्या मंक्टनच्या बाजारात किंवा ओंटारिओतल्या सडबरीच्या दवाखान्यात आपल्या भाषेत बोलणारा कोणी भेटेल का, ही तिथल्या माणसाची काळजी आपल्या काळजीच्या नात्यातली आहे. ज्याला स्वतःच्या राज्यात येणाऱ्याने मराठी बोलावे असे मनापासून वाटते, त्याने दुसऱ्याच्या अल्पसंख्य भाषेला पीआरचे कूपन समजणे मला पटत नाही. हा झाला न्यायाचा भाग. पण व्यवहाराचा भागही त्याच दिशेने जातो, आणि तो परीक्षेपासून सुरू होतो.

शाळेतल्या प्रमाणपत्रांचा किंवा डेल्फ परीक्षेचा इथे उपयोग नाही. कॅनडासाठी दोनच फ्रेंच परीक्षा चालतात: पॅरिसच्या व्यापारी मंडळाची टीईएफ कॅनडा आणि फ्रान्सच्या शिक्षण खात्याच्या संस्थेची टीसीएफ कॅनडा. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. टीसीएफमध्ये ऐकण्याचे ३९ प्रश्न ३५ मिनिटांत, वाचण्याचे ३९ प्रश्न एका तासात, लिहिण्याच्या तीन कामांना एक तास आणि बोलण्याच्या तीन कामांना बारा मिनिटे असतात. सातवी पातळी मिळवायची तर लिहिण्यात आणि बोलण्यात २० पैकी किमान १० हवेत. ऐकायला हे सोपे वाटते, पण ते युरोपीय मोजपट्टीवरच्या बी-टूच्या आसपासचे काम आहे. अनोळखी विषयावर मत मांडा, समोरच्याचा मुद्दा खोडा, दोन विरोधी मजकूर वाचून त्यांची तुलना लिहा, हे त्या पातळीला करता यावे लागते. शिवाय चारही कौशल्यांत सातवी पातळी हवी. तिन्हींत नववी मिळाली आणि लिहिण्यात सहावी, तर ते खास ५० गुण जातात आणि फ्रेंचच्या ड्रॉचे दारही बंद होते. ‘सहा महिन्यांत बी-टू’ अशा जाहिराती सर्रास दिसतात, पण शून्यापासून बी-टूपर्यंत जायला साधारण पाचशे ते साडेसहाशे तास मार्गदर्शनाखाली शिकावे लागते, असा भाषा शिकवणाऱ्या संस्थांचा सर्वसाधारण अंदाज आहे. आठवड्याला दहा तास दिले तरी एक वर्ष सहज जाते आणि घरचा अभ्यास केला नाही तर त्याहून जास्त. पाठ केलेले निबंध आणि ठरावीक वाक्ये पाचव्या पातळीपर्यंत हात देतात. तिथून पुढे परीक्षक प्रतिप्रश्न विचारतो आणि पाठांतर तिथेच उघडे पडते. गुणांसाठी शिकणाऱ्याला पाचव्या आणि सातव्या पातळीच्या मधल्या पट्ट्यातच अडकण्याचा धोका असतो.

मराठी माणसाकडे या प्रवासात काही जमेच्या बाजू आहेत आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या वर्गांत त्या वाया जातात. प्रत्येक निर्जीव वस्तूला लिंग असते ही गोष्ट इंग्रजी बोलणाऱ्याला डोंगराएवढी वाटते. आपण ‘तो चमचा, ती वाटी’ म्हणतच मोठे होतो. फ्रेंचमधली लिंगे वेगळी असल्याने पाठ करावी लागतात, पण कल्पना समजावून घ्यावी लागत नाही. जवळच्याला एक सर्वनाम आणि आदराला दुसरे, हा भेदही आपल्या हाडीमांसी आहे. त्याहून खोल साम्य भूतकाळात आहे. ‘ती गेली’ मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, ‘त्याने पोळी खाल्ली’ मध्ये कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही जाणे-येणे अशा क्रियापदांचे भूतकाळी रूप कर्त्याशी जुळते, आणि खाण्यासारख्या सकर्मक क्रियापदाचे, कर्म वाक्यात आधी आले असेल तर, कर्माशी. हे नियम इंग्रजीतून समजावताना दोन-दोन तास जातात आणि तरीही ते विद्यार्थ्याच्या पचनी पडत नाहीत. मराठी व्याकरणाचा आधार घेऊन सांगितले तर ते लवकर समजतील असे मला वाटते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या परकीय भाषा विभागासारखी जुनी परंपरा आहे, मुंबई-पुण्यात आलियाँस फ्रान्सेझ आहेत, तरी मराठीतून फ्रेंच शिकवणारे चांगले, आजच्या परीक्षांना धरून लिहिलेले पुस्तक सहज हाती लागत नाही. मराठी प्रकाशकांनी हे काम हाती घ्यावे, त्याला वाचक आहेत.

या हिशेबावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा, की सरकारी धोरण रातोरात बदलते, मग दोन वर्षांचे आयुष्य त्यावर का लावावे? आक्षेप खरा आहे. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण रद्द झाले. ज्यांनी त्यांच्यावर बेत रचला होता, त्यांचे सगळे कोसळले. फ्रेंचचा कटऑफही स्थिर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३३६ असलेला आकडा ८ ऑगस्ट २०२५ च्या ड्रॉमध्ये ४८१ झाला. आपल्या सुरुवातीच्या उमेदवाराचे ४६९ त्या दिवशी अपुरे पडले असते. पण दोन्ही गोष्टींत फरक आहे. नोकरीच्या ऑफरमागे कायद्याचे बंधन नव्हते आणि खोट्या ऑफर विकणाऱ्यांचा बाजार होता. फ्रेंचमागे राजभाषा कायद्याचे कलम आहे, ते बदलायचे तर संसदेत अल्पसंख्याकांच्या भाषेविरुद्ध मत द्यावे लागेल, आणि कॅनडाच्या कुठल्याही मोठ्या पक्षाला ते परवडणारे नाही. वयाचे गणितही पाहा. ३३ व्या वर्षापासून ३५ व्या वर्षापर्यंत फ्रेंच शिकण्यात दोन वर्षे गेली तर वयाचे ११ गुण जातात, आणि त्याच काळात ६२ मिळतात. नवव्या पातळीपर्यंत मजल गेली तर ७४. चाळिशी ओलांडल्यावर दर वर्षी ११ गुण जातात, तेव्हा हा सौदा पहिल्यासारखा राहत नाही आणि तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. कॅमरून, सेनेगल, मोरोक्को, आयव्हरी कोस्ट इथले लाखो तरुण फ्रेंचमध्ये शिकले, वाढले. अल्पसंख्य फ्रेंच समाजाला बळ द्यायचे तर त्यांना घ्यावे. दोन वर्षे क्लास लावलेल्या भारतीयाला का? त्यात भर म्हणून फ्रेंचभाषक आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांचे व्हिसा अर्ज कॅनडाने मोठ्या प्रमाणात नाकारले आहेत, आणि २०२२ मध्ये संसदेच्या स्थलांतरविषयक समितीने त्याची दखल घेतली. याचे उत्तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ एवढेच देऊन भागणार नाही. परीक्षा सर्वांना सारखी आहे हे खरे, पण गुणपद्धतीत परदेशी पदवी, अनुभव आणि इंग्रजी यांनाही गुण असल्याने इंग्रजी शिकलेल्या भारतीयाचे पारडे आधीच जड असते. इंग्रजी पाचव्या पातळीच्या खाली असेल तर फ्रेंचचे खास गुणही ५० ऐवजी २५ च मिळतात. मग भारतीय अर्जदाराने काय करावे? त्याने हक्क सोडावा असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या कष्टाने मिळवलेली भाषा ही खरीच असते, जन्माने आलेलीच भाषा खरी असा नियम केला तर मुंबईत मराठी शिकलेल्या बाहेरच्या माणसाला आपण कधीच आपला म्हणू शकणार नाही. पण जी जागा त्याला मिळते ती फ्रेंच बोलणाऱ्यासाठी राखलेली आहे, आणि टोरोंटोच्या विमानतळावर उतरल्यावर ती भाषा पुन्हा कधी तोंडातून निघाली नाही, तर कोणाची तरी जागा अडवली गेली, हे त्याला स्वीकारावे लागेल.

कायद्याने त्याला कोणी अडवत नाही. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेनुसार पीआरधारक देशात कुठेही राहू शकतो, आणि फ्रेंचच्या नावाने आलेले बरेच जण टोरोंटो, ब्रॅम्प्टन, कॅलगरीच्या इंग्रजी नोकऱ्यांत जात असतील तर त्यात नवल नाही, कारण तिथे आपली माणसे आणि आयटीच्या कंपन्या आहेत. पण नोकऱ्यांच्या आजच्या बाजारात इंग्रजीवाल्यांची रांग लांब आहे. द्विभाषिक माणसाची मागणी जिथे आहे त्या जागा वेगळ्या: ओटावातली केंद्र सरकारची कार्यालये, फ्रेंचमधून सेवा देणारी रुग्णालये, मंक्टनची कॉल सेंटरे, आणि इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवणाऱ्या ‘इमर्शन’ शाळा, ज्यांना शिक्षक मिळत नाहीत. ज्याला एक्स्प्रेस एन्ट्रीचे गुण जमत नाहीत, त्याच्यासाठी याहून खालच्या पातळीचे मार्गही आहेत. ‘मोबिलिते फ्रँकोफोन’ या वर्क परमिटसाठी जून २०२३ पासून बोलण्या-ऐकण्यात पाचवी पातळी पुरते, आणि नोकरी देणाऱ्याला बाजारात आधी कॅनडियन माणूस शोधल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. ३० जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या फ्रेंचभाषक वस्त्यांच्या प्रायोगिक योजनेत सहा ठिकाणे आहेत: न्यू ब्रन्सविकचे अकेडियन द्वीपकल्प, ओंटारिओतली सडबरी, टिमिन्स आणि सुपीरियर ईस्ट, मॅनिटोबातले सें-पिएर-जोली आणि ब्रिटिश कोलंबियातले केलोना. यातली बहुतेक नावे आपल्याकडच्या सल्लागारांच्या बोलण्यात येत नाहीत, कारण सल्लागार गुणांचा हिशेब सांगतो, गावाचा सांगत नाही. सडबरीत कडाक्याचा हिवाळा आहे, मराठी मंडळ कदाचित नसेल, पण निकेलच्या खाणी, विद्यापीठ आणि फ्रेंच बोलणारी मोठी वस्ती आहे, आणि तिथे फ्रेंच येणाऱ्या अभियंत्याला किंवा नर्सला टोरोंटोपेक्षा लवकर ओळख मिळण्याची शक्यता आहे.

अशा ठिकाणी राहायला गेले की मुलांच्या शाळेचा प्रश्न येतो, आणि फ्रेंच समाज ज्या नजरेने नव्या माणसाकडे पाहतो ती इथे दिसते. १९८२ च्या सनदेतले कलम २३ अल्पसंख्य भाषेतून मुलांना शिकवण्याचा हक्क देते, पण तो ठरावीक नागरिकांना. ज्यांची मातृभाषा फ्रेंच आहे किंवा ज्यांचे प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झाले, त्यांना तो मिळतो. मराठी घरातून नुकतेच आलेले जोडपे त्यात बसत नाही. तरी ओंटारिओच्या बारा फ्रेंच शाळामंडळांत प्रवेश समित्या आहेत, आणि इतर पालक त्यांच्यापुढे अर्ज करू शकतात. फ्रेंच शिकून आलेले आई-वडील मुलांना त्या शाळेत घालतात की शेजारच्या इंग्रजी शाळेत, यावर त्या शाळेतले वर्ग भरणे अवलंबून आहे. वर्ग भरले तर शिक्षक राहतात, शिक्षक राहिले तर शाळा राहते. समितीपुढच्या अर्जासोबत मुलाखत होऊ शकते, आणि ती फ्रेंचमध्ये घेतली जाण्याची तयारी ठेवावी. सातव्या पातळीला खरेच पोचलेल्या माणसाला त्यात अडचण येत नाही.